एक जूनची माणसं

एक जूनला आमच्या घरी जिलेबी असायची. दिवाळीचे लाडू एखाद्या वर्षी दगड व्हायचे, संक्रांतीला तिळगूळ विकतचा यायचा, त्याचं कोणाला काही वाटायचं नाही. पण एक जूनची जिलेबी कधी चुकली नाही. खांडबाऱ्याच्या बाजारातल्या हलवायाला आई आदल्या दिवशीच सांगून ठेवायची. तो न विचारता सोबत फाफडा आणि कच्च्या पपईची चटणी बांधून द्यायचा. आमच्याकडे गुजरात हाकेच्या अंतरावर आहे, आणि फाफड्याशिवाय जिलेबी खाणाऱ्या माणसाची त्याला मनापासून कीव यायची.

सकाळपासून माणसं यायला लागायची. कोणी सुरतेच्या गाडीतून उतरून स्टेशनावरून चालत यायचं, कोणी एका मोटरसायकलवर तिघं बसून, कोणी पाड्यावरून बायकापोरांसकट. त्या सगळ्यांचा त्या दिवशी वाढदिवस असायचा. मला यात काही वावगं वाटत नसे. जगात माणसं एक जूनलाच जन्मतात आणि माझ्यासारखे ऑक्टोबरवाले तेवढे कुठेतरी गडबड होऊन येतात, अशी माझी बराच काळ समजूत होती.

ही सगळी आमच्या आबांची करणी. आबा, म्हणजे माझे वडील, नवापूर तालुक्यातल्या डोंगरपायथ्याच्या एका प्राथमिक शाळेत गुरुजी होते. आम्ही मूळचे तापीकाठच्या सपाटीवरचे, त्यांच्या नोकरीपायी खांडबाऱ्याला आलो ते इथलेच झालो. शाळेत नाव घालायला आया पोरांना घेऊन यायच्या. पोराचा उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरता येतो का, हे आबा आधी बघायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं, पास. मग ते विचारायचे, “कधी झाला हा?” आणि उत्तरं यायची ती अशी: मोहाची फुलं पडत होती तेव्हा. भात लावायला वाकले होते, तिथूनच घरी गेले. होळीच्या आधी, ढोल शेकत बसले होते तेव्हाची ही.

या उत्तरांत काही खोटं नव्हतं. पण शाळेच्या कागदावरच्या रकान्यात मोहाची फुलं मावत नव्हती. तिथं दिवस, महिना, वर्ष हवं होतं, आणि रकाना कोरा राहिला तर वरून कागद परत यायचा, पोरगं वर्गाच्या दारातच उभं राहायचं. मग आबा लिहायचे, एक जून. शाळा सुरू होताना वय पुरं भरलेलं असावं, एवढाच त्यातला हिशेब. त्यांच्या आधीचे गुरुजी तेच करत आणि शेजारच्या गावातलेही तेच करत. आबांची स्वतःची तारीखसुद्धा त्यांच्या गुरुजींनी दिलेली, एक जूनचीच.

फरक इतकाच, की आबांनी ती माणसं आणि ती तारीख पुढे सोडून दिली नाहीत. पहिल्यांदा कोण आलं, कसं सुरू झालं, हे मला ठाऊक नाही. मला कळायला लागलं तेव्हा रीत पडून गेली होती. आबा दारातच ताट घेऊन उभे राहायचे. आलेल्याच्या हातावर जिलेबी ठेवायच्या आधी विचारायचे, “किती वर्षांचा झालास?”

तो आकडा सांगायचा.

“हे कागदावरचं. खरं सांग.”

मग चांगला मिशीवाला बाप्या लाजत म्हणायचा, “मोहाची फुलं पडत होती, गुरुजी.” की जिलेबी मिळायची. बायका पदर तोंडाला लावून सांगायच्या, “भातलावणीची.” सगळे हसायचे. घरी ही माणसं मावची बोलत, पण आमच्या दारात शाळेतली मराठी, जरा जपून, नवे कपडे घातल्यासारखी. आबांच्या तर तोंडात ती मराठी इतकी बसली होती की आईशीही ते तशीच बोलायचे, आणि आई त्यांना अहिराणीत उत्तर द्यायची. उभा संसार दोघांनी दोन भाषांत केला, आणि भांडण मात्र एकाही दिवशी भाषेवाचून अडलं नाही.

आई वाढण्यात असायची. सगळे गेल्यावर परातीत उरलेले जिलेबीचे तुकडे ती पाकात बुडवून खायची आणि सगळ्यांच्या तारखांवरून दरवर्षी एकच बोलायची.

“बठासले तारखा दिन्ह्यात. मन्ही कोठे शे?”

“तू कुठे माझ्या शाळेत होतीस?” आबा म्हणायचे.

आई शाळेत कधी गेलीच नव्हती. तिची आई ती रांगत असतानाच गेली, आणि मोहाची फुलं होती की भाताची लावणी, एवढं सांगायलाही मागे कोणी उरलं नाही. तिच्या ओळखपत्रावर नुसतं वर्ष आहे, तेही अंदाजाचं. हा विनोद दरवर्षी व्हायचा आणि दोघंही हसायची, म्हणून मीही हसायचे. त्या हसण्यात आईचं काहीतरी अडकलेलं असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पुढे मी कॉम्प्युटर शिकले, पुण्यात नोकरी केली, आणि काम घरून होतं म्हटल्यावर पुन्हा खांडबाऱ्यात येऊन बसले. माझं काम जावास्क्रिप्टमधलं. एकीकडची माहिती घ्यायची, तिचा आकार बदलायचा आणि दुसरीकडे द्यायची. ऐकायला सोपं आहे. पण माहिती कधी धड नसते, तिच्यात भोकं असतात. कोणाचा पत्ता नाही, कोणाचं वय नाही. त्या भोकाला आमच्यात नल म्हणतात. इथं काहीतरी असायला हवं होतं पण ते आपल्याला माहीत नाही, असा त्याचा अर्थ.

आबांना हे फार आवडलं. निवृत्तीनंतर त्यांना डोकं खाजवायला काहीतरी हवंच होतं. दुपारी चहा घेऊन ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे.

“म्हणजे शून्य?”

“शून्य नाही, आबा. शून्य हे उत्तर आहे. नल म्हणजे उत्तरच नाही.”

“मग सरळ सांग ना. शून्य मार्क मिळवायला पेपरला बसावं लागतं. हा तुझा नल गैरहजर.”

त्या दिवसानंतर मी नव्या मुलांना नल असाच समजावते. आबांना मी हेही सांगितलं होतं, की जावास्क्रिप्ट या बाबतीत मोठी लबाड आहे. नलमध्ये पाच मिळवा म्हटलं तर तोंड वर करून पाच सांगते, गैरहजराला शून्य समजून मोकळी होते. रिकाम्या जागी अमुक एक भर असं सांगायची जुनी खूण वापरली तर खरंखुरं शून्यही पुसून टाकते आणि तिथं आपली भरती करते. म्हणून आता नवी खूण आहे, ती फक्त खऱ्या भोकालाच हात लावते. आबा मन लावून ऐकायचे आणि शेवटी गाडी त्यांच्या आवडत्या स्टेशनावर आणायचे.

“म्हणजे मी केलं तेच तुम्ही करता. कोरं दिसलं की भरता.”

“तुम्ही केलं ते चूक होतं,” मी म्हणायचे. मी बापाची भीड ठेवणारी मुलगी नाही. “माहीत नाही तर माहीत नाही म्हणावं. अंदाजानं भरलेलं पुढे खऱ्यासारखं दिसतं. मग खरं कुठलं आणि भरलेलं कुठलं, कोणाला कळणार?”

“कोरं ठेवलं असतं तर पोरगं बाहेर राहिलं असतं.”

“मग रकानाच चुकीचा होता.”

“रकाना बदलायचा अधिकार प्राथमिक शिक्षकाला नसतो, बाई.”

हे भांडण आम्ही चवीनं खायचो. त्याला शेवट नव्हता आणि आम्हाला तो नकोच होता.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला आबा गेले. आजारपण थोडं, त्रास त्याहून थोडा. घर माणसांनी भरलं, रिकामं झालं, आणि दुपारी चहाच्या वेळेला माझ्या खुर्चीमागे कोणी उभं राहिनासं झालं. चहा मात्र दोन कप होत राहिला. दुसरा कप आम्ही अर्धा अर्धा घ्यायचो.

दिवाळीनंतर आबांचा एक जुना विद्यार्थी आला. नवापूरच्या पोल्ट्र्यांमधून अंड्यांचे ट्रे भरून तो पिकअपनं गावोगाव पोचवतो. तो म्हणाला, “ताई, सगळ्यांनी मिळून ठरवलंय. सगळ्या विद्यार्थ्यांची नावं गोळा केली. ज्याचा वाढदिवस असेल त्याला त्या दिवशी मोबाइलवर निरोप जायला पाहिजे. गुरुजींच्या नावानं. तुम्हाला येतं ना असलं?”

मला येतं असलं. निरोपाचं वाक्यही त्यांनीच ठरवून आणलं होतं: ‘आज तुमचा वाढदिवस. जिलेबी खायला या. – गुरुजी.’ मेलेल्या माणसाच्या नावानं निरोप पाठवायचा हे मला आधी कसंसंच वाटलं. पण त्याला तसं काही वाटत नव्हतं, आणि आबांवर त्याचाही हक्क होता.

माहिती आली. नाव, गाव, मोबाइल, जन्मतारीख. नंतरच्या वर्गांतल्या, दवाखान्यात जन्मलेल्या पोरांच्या तारखा वेगवेगळ्या होत्या. बाकी खालपासून वरपर्यंत एक जून, एक जून, एक जून. तो उभा रकाना बघून माझं डोकं सटकलं. आता वाटतं, राग त्या तारखांवर नव्हताच. मला आबांशी भांडायचं होतं आणि समोर आबा नव्हते, म्हणून मी त्यांच्या तारखांवर तुटून पडले. ही माहिती नाही, माहितीचा अभाव आहे, असं मी ठरवलं, आणि आकार बदलणाऱ्या माझ्या प्रोग्राममध्ये एक ओळ टाकली: तारीख एक जून असेल तर तिथं नल ठेव. ज्यांची खरी तारीख माहीत नाही त्यांना सध्या निरोप नको. सवडीनं एकेकाला फोन करून, त्याच्या आईला विचारून, जमेल तितकं खरं भरू. आबा, हे असं करतात, असं मी मोठ्यानं म्हणालेसुद्धा.

एक जानेवारीला सकाळी फोन वाजायला लागला.

पहिले दोघं-तिघं म्हणाले, “तुम्हालाही नवीन वर्षाच्या शुभेच्छा, ताई.” मला काही कळेना. मग एक बाई फोनवर इतकी हसत होती की तिला बोलताच येत नव्हतं. तिच्या घरात नवरा, दीर, जाऊ आणि ती, चौघांनाही एकाच वेळी गुरुजींनी वाढदिवसाची जिलेबी खायला बोलावलं होतं, आणि दीर खरोखर आंघोळ करून तयार झाला होता.

मी धावत कॉम्प्युटरपाशी गेले. चूक पाहिली आणि कपाळाला हात लावला. मी तारखेच्या जागी नल ठेवलं होतं. प्रोग्रामचा पुढचा भाग त्या नलची तारीख बनवत होता. माझी अपेक्षा, की तिथं तो अडेल. अनडिफाइन्ड दिलं असतं, म्हणजे काही ठेवलंच नाही असं, तर अडलाही असता, ही तारीखच नव्हे म्हणून गप्प बसला असता. पण नल दिलं की जावास्क्रिप्ट त्याला शून्य समजते, आणि तिच्या पंचांगात शून्य म्हणजे एक जानेवारी एकोणीसशे सत्तर. तिथून तिचा काळ सुरू होतो. म्हणजे आबांची भरती मी मोठ्या दिमाखात उपटून काढली, आणि त्या जागी कुठल्या तरी परक्या माणसानं दूर बसून ठरवलेली भरती आपोआप येऊन बसली. आबा असते तर चहा सांडेपर्यंत हसले असते.

शेवटचा फोन पिकअपवाल्याचा होता. तो हसला नाही.

“ताई, माझी तारीख कुठे गेली?”

मी समजावायला लागले, की ती तारीख खरी नव्हती, म्हणून मी तात्पुरती काढली.

“खरी नव्हती ते मला माहीत आहे ना. भातलावणीचा आहे मी. गुरुजी दरवर्षी विचारायचे, मी दरवर्षी सांगायचो.” मग म्हणाला, “पण वाढदिवस एक जूनलाच आहे माझा. तो गुरुजींनी दिलेला आहे. तो तुम्ही कसा काढला?”

फोन ठेवला, आणि आबा गेल्यानंतर पहिल्यांदा मी मनसोक्त रडले. दारात ताट घेऊन उभा राहिलेला माणूस डोळ्यांसमोर आला. हे कागदावरचं, खरं सांग. आबांनी दोन्ही जपलं होतं. कागदाला हवं ते कागदाला दिलं होतं, आणि मोहाची फुलं स्वतःपाशी ठेवून वर्षातून एकदा ज्याची त्याला परत दाखवत होते. मी मात्र एकाच रकान्यात दोन गोष्टी कोंबायला निघाले होते आणि वर त्यांनाच रकाने शिकवत होते.

मग मी प्रोग्राम नीट केला. जन्म एका जागी आणि वाढदिवस दुसऱ्या जागी. जन्माची तारीख माहीत नसेल तर तिथं नल, आणि त्या नलला पुढे कोणी हात लावायचा नाही, आधी विचारायचं, कोरा आहेस का? कोरा असेल तर तसाच सोडायचा. शेजारी ज्याच्या त्याच्या आईनं सांगितलेला काळ, शब्दांत. आणि वाढदिवस, एक जून. तो भरतीचा नाही, तो दिलेला आहे. हे सगळं आबांना दाखवायला हवं होतं, ही हळहळ अजून जात नाही.

मे संपत आला तशी आई गप्प गप्प राहू लागली. हलवायाला सांगायचं का, विचारलं तर म्हणाली, “आते कोन येस? ज्यानाकरता येयेत तो गया.” तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मलाही तीच धास्ती होती. जानेवारीत मी त्यांच्या तारखेची थट्टा करून ठेवली होती. शिवाय आता एक जूनची नवी माणसं होत नाहीत. बाळंतपणं दवाखान्यात होतात, तारीख, वार, वेळ सगळं पक्कं लिहून मिळतं. आहेत तेवढीच ही माणसं, वाढणार कधीच नाहीत, आणि एकदा ती यायची थांबली की दार लागलंच. आईला त्या दाराआड एकटं बसलेलं मला बघवलं नसतं.

मी हलवायाला सांगून आले. घरी येऊन प्रोग्राममध्ये आणखी एक ओळ भरली, आईची. जन्मतारीख, नल. काळ, तोही नल, कारण सांगायला कोणी उरलं नाही. वाढदिवसाच्या जागी मी थोडी थबकले, आणि मग एक जून लिहिलं. निरोपाची वेळ मात्र बाकीच्यांच्या नंतरची, सगळे जमतील तेव्हाची ठेवली. आईला काही सांगितलं नाही. आबांनी जे कधी केलं नाही ते मी त्यांच्या नावानं करत होते, आणि तिला रुचेल की नाही याची मला खात्री नव्हती.

एक जूनला सकाळी आई मुद्दाम मागच्या दारी भांडी घासत बसली. उन्हं वर आली तरी कोणी नाही. सुरतेची गाडी येऊन गेल्याचं ऐकू आलं. मी परातीवर झाकलेलं फडकं उगाच दोनदा नीट केलं. आणि मग पिकअपचा हॉर्न वाजला. मागे अंड्यांच्या ट्रेच्या जागी माणसं उभी होती, दाटीवाटीनं, नव्या कपड्यांत. पिकअपवाल्यानं लेकीलाही आणलं होतं. तिला स्वतःची तारीख आहे, त्या दिवशी केकसुद्धा कापला जातो, पण मला एक जून का नाही म्हणून ती वाटभर भांडत आली होती.

सगळे ओसरीवर बसले. आबांच्या फोटोला हार घातला. पण जिलेबीला कोणी हात लावेना. दारात उभं राहून विचारणारं कोणी नव्हतं, आणि विचारल्याशिवाय घ्यायची कोणाला सवय नव्हती. आई पदराला हात पुसत आतून आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. तेवढ्यात तिच्या कमरेच्या पिशवीत मोबाइल वाजला.

तिला वाचता येत नाही. तिनं तो पिकअपवाल्यापुढे धरला. “वाच रे भाऊ, काय शे.”

त्यानं मनात वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग शाळेत उभं राहून वाचावं तसं मोठ्यानं वाचलं, “आज तुमचा वाढदिवस. जिलेबी खायला या.”

“कोन्ही धाडं?”

“गुरुजींनी, आई.”

आई फोटोकडे बघत राहिली. मला वाटलं, चुकलंच आपलं. मग ती कमरेवर हात ठेवून, रोज भांडायची त्याच आवाजात फोटोला म्हणाली, “इतला वरीस झायात, आज याद उनी का तुमले?”

आधी ती हसली, मग तिचे डोळे भरले, आणि मग सगळेच एकदम बोलायला लागले. पिकअपवाल्यानं ताट तिच्यापुढे धरलं आणि गुरुजींच्या आवाजात विचारलं, “किती वर्षांच्या झालात?” ती म्हणाली, “माले काय माहीत?” आणि ताटात हात घातला. दरवर्षी उरलेले तुकडे खाणाऱ्या माझ्या आईनं त्या दिवशी सगळ्यांच्या आधी, वरची, अख्खी जिलेबी उचलली.